थंडीतली सकाळ, जुनी गाडी आणि राजस त्याग

॥ राम कृष्ण हरि ॥

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ८



काल आपण सातवा श्लोक पाहिला. नेमून दिलेले कर्म सोडणे योग्य नाही, आणि मोहापायी ते सोडले तर तो त्याग तामस, असे भगवंतांनी तिथे सांगितले. आजच्या श्लोकात त्यागाचा दुसरा प्रकार येतो. भावार्थ साधारण असा, की हे काम त्रासाचे आहे, अंगाला कष्ट पडतील, एवढ्याच भीतीने जो ते सोडतो त्याचा त्याग राजस असतो; आणि अशा माणसाला त्यागाचे फळ मिळत नाही.

हा शेवटचा भाग नीट वाचायला हवा. काम तर सुटले, पण सुटल्याची शांती काही आली नाही. नोकरी सोडली पण साहेब डोक्यातून गेला नाही, भांडण सोडले पण बोलणी मनात चालूच राहिली, असे आपण रोज पाहतो. हात रिकामे झाले म्हणजे मन मोकळे झाले असे होत नाही.

आता हा श्लोक समजायला मला या हिवाळ्यात एका जुन्या गाडीने मदत केली. हसू नका. गीता रणांगणावर, म्हणजे एका रथातच सांगितली गेली, तेव्हा मोटारीच्या शेजारी उभे राहून ती वाचायला हरकत नसावी!

आमच्या सीवूड्समधल्या सोसायटीत एक काका आहेत. वय ७६. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, म्हणजे या महिन्यापर्यंत होती. आजच्या मुलांना सांगावे लागेल म्हणून सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. आपल्याच हार्बर लाईनवरच्या कुर्ल्यात तिचा कारखाना होता. तिथे १९६४ पासून इटलीच्या फियाट ११०० च्या नमुन्यावर ही गाडी बनू लागली, आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन, कार्बोरेटर, डॅशबोर्डवर ओढायचा चोक, गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती हीच.

काका सुटीच्या दिवशी पहाटे स्टिल्ट पार्किंगमध्ये चटई अंथरून गाडीखाली शिरतात. मला त्यातले फारसे कळत नाही. मी पाने देतो, टॉर्च धरतो आणि चहाचा थर्मास सांभाळतो. पण वर्षभर नाही. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच चालते. पावसाळ्यात खालून ओल आणि वरून गळती, उघड्या पत्र्यावर एका रात्रीत गंज चढतो. एप्रिल-मे महिन्यांत घामाने पाना हातातून निसटतो. शिवाय आपण खाडीच्या काठावर राहतो. पाम बीच रोडवरून येणारा वारा खारा असतो, आणि खाऱ्या हवेत जुन्या गाडीचा तळपत्रा आतून सडत जातो. म्हणून टी. एस. चाणक्यच्या मागच्या पाणथळीत फ्लेमिंगो दिसायला लागले की काका हत्यारांची पेटी खाली काढतात.

थंडी म्हणजे तरी किती? इथे पहाटे १६ अंश झाले की आपण स्वेटर शोधतो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती, ती आजही लोक कौतुकाने सांगतात. पण साडेसहा वाजता सिमेंटच्या गार फरशीवर पाठ टेकायची आणि लोखंडाला हात लावायचा म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या सांध्यांना १६ अंशही पुरतात. आणि गाडीलाही पुरतात. गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातले तेल घट्ट होते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि मिश्रण दाट करायचे. सेल्फ दोनदा मारला, बॅटरी कुरकुरली, की पहिला विचार येतो तो गाडीचा नसतो, अंथरुणाचा असतो.

माझा भाचा कॅनडात असतो. त्यालाही हाच नाद. एक जुना पिकअप ट्रक घेऊन ठेवला आहे आणि हळूहळू उभा करतो आहे. तिकडे उणे वीस म्हणजे रोजचेच. इंजिन गोठू नये म्हणून त्यात विजेवर चालणारा हीटर बसवतात आणि रात्री गाडीची पिन मोबाईलसारखी बोर्डात लावून ठेवतात. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते तळाला चिकटून पत्रा खाते. म्हणजे गंजाच्या बाबतीत त्याची नि आमची तक्रार एकच, मिठाचीच. तो सांगतो, दहा मिनिटे काम करायचे, बोटे बधिर झाली की आत जाऊन हात शेकायचे, परत दहा मिनिटे. गंजलेला बोल्ट घाईने फिरवला की तुटतो, मग तो तुकडा ड्रिलने काढण्यात अख्खा रविवार जातो.

एकदा फोनवर मी विचारले, "काय रे, ट्रक कुठवर आला?"

म्हणाला, "मामा, फार थंडी आहे. पुढच्या रविवारी बघू."

आणि त्याच सकाळी आमच्या पार्किंगमध्ये शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ काकांना आपल्या जुन्या स्कूटरबद्दल हेच सांगून गेले होते: "काय गारठा पडलाय! पुढच्या रविवारी बघू."

दोन्ही ठिकाणच्या हवेत ३६ अंशांचा फरक, आणि वाक्य तेच! माझ्या दृष्टीने आजचा श्लोक इथे उघडला. अंगाच्या कष्टाची भीती थंडी मोजून ठरत नाही. उणे वीसला जेवढी भीती वाटते तेवढीच सोळा अंशांनाही वाटू शकते. म्हणून भगवंत थंडी किती, ओझे किती, वाट किती लांब, हे विचारत नाहीत. तू सोडलेस ते कशाच्या भीतीने, एवढेच विचारतात.

माउलींनी ज्ञानेश्वरीत या श्लोकावर फार घरगुती दाखले दिले आहेत. वाटेत खायची शिदोरी, पण वाहताना तीच जड वाटते. कडूनिंब जिभेला कडू, हिरडा सुरुवातीला तुरट. कामाची अलीकडची बाजू अशीच बोचरी असते, गोडी पलीकडे असते. शिदोरी जड म्हणून वाटेत टाकून देणाऱ्याचे पुढे काय होणार, हे सांगायला नको. आणि लोकमान्यांचे पाहा. गीतारहस्य त्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिले. वय पन्नाशी पार, मधुमेह जडलेला, घर हजारो मैल दूर. कर्मयोगावरचा ग्रंथ "प्रकृती बरी झाल्यावर बघू" म्हणून पुढे ढकलायला याहून चांगले कारण कुणाला मिळाले असते?

पण थांबा. इथे एक खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही.

आमच्या रविवारच्या गीतावर्गात काकांना एकाने सरळ विचारले, "तुम्ही गीता वाचता, मग दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक विसरलात का? जुने वस्त्र टाकून माणूस नवे घेतो, तसा आत्मा जुना देह टाकतो. देहाचीसुद्धा जिथे ही गत, तिथे या डब्याला कशाला कवटाळून बसलात? हा मोहच नाही का?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. काकांच्या मुलाचेही म्हणणे तेच होते. सोसायटीच्या कमिटीने बंद पडलेली वाहने हलवण्याची नोटीस लावली होती, त्यामुळे जागेचाही प्रश्न होता. शिवाय खर्च. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यायची. मोटारीसाठी त्याचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० करण्यात आले होते. सरकारच जणू सांगते आहे, की बाबांनो, आता सोडा. मग गाडी ठेवणे ही आसक्ती आणि सोडणे हा त्याग, असा सोपा हिशोब का मांडू नये?

मी यावर बरेच दिवस विचार केला.

पहिली गोष्ट, बाविसावा श्लोक कुणाला आणि कशासाठी सांगितला आहे, ते बघा. समोर आप्त उभे आहेत, ते मरणार या दुःखाने अर्जुन कोसळला आहे. त्याचे सांत्वन चालले आहे. जाणारे वस्त्र गेले तरी नेसणारा जात नाही, असा धीर आहे तो. अंगावर असलेल्या वस्त्राशी कसे वागावे, हा तिथला विषयच नाही. त्या श्लोकावरून "जुने झाले की फेका" असा नियम काढणे म्हणजे औषधाच्या बाटलीतून पाणी प्यायल्यासारखे आहे.

आणि आपल्या घरांत जुन्या वस्त्राचे काय होत असे? आजीचे लुगडे विरले की त्याची गोधडी व्हायची. गोधडी विरली की तिचे पायपुसणे. तेही झिजले की चुलीपाशी भांडे धरायला फडके. आजीने लुगड्याचा त्याग केला होता की नव्हता? नक्कीच केला होता. लुगडे म्हणून त्याचा लोभ संपला होता. पण शेवटचा धागा कामी येईपर्यंत तिने त्याला टाकले नाही. लोभ सोडणे आणि टाकून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला कुणी शिकवायला लागले नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. भगवंत बोलतात ते 'नियत' कर्माबद्दल, नेमून दिलेल्या कामाबद्दल. जुनी गाडी दुरुस्त करणे हे कुणी नेमून दिले? हौस ती हौस. तिला कर्तव्याचे नाव देऊन गीतेच्या पंक्तीत बसवायचे, हा आपल्या मनाचा लबाडपणा तर नाही?

हा आक्षेप मला पटतो, पण अर्धाच. त्याचे उत्तर गाडीखालीच मिळाले. काकांनी मागच्या हिवाळ्यात चारही चाकांचे ब्रेक उघडले. पद्मिनीला ड्रम ब्रेक असतात. आतली सिलिंडरची रबरे कडक झालेली, ब्रेक ऑइल काळे पडलेले. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि मग उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन ऐन वेळी पॅडल खाली जाते. काका म्हणाले, "रंग देणं ही माझी हौस. ब्रेक ही हौस नाही. रस्त्यावर चालणाऱ्याने मला गाडी ठेवायला सांगितलं नव्हतं."

मला वाटते, नियत कर्माचा संसारी माणसाला झेपेल असा अर्थ हाच आहे. हात घालावा की नाही, ही हौस असू शकते. पण एकदा हात घातला, वस्तू आपल्या ताब्यात आली, तिच्यामुळे दुसऱ्याचे बरेवाईट होऊ शकते असे झाले, की तिथून पुढे काही कामे आपल्यासाठी नेमली जातात. कुत्रे पाळणे हौसेचे, त्याला वेळेवर खायला घालणे हौसेचे नाही. झाड लावणे हौसेचे, वाळलेली फांदी कुणाच्या डोक्यावर पडू न देणे हौसेचे नाही. तसेच गाडीच्या धुराचे. जुने कार्बोरेटरचे इंजिन नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, हे खरे आहे. म्हणून काका ती रोज चालवत नसत, कार्बोरेटर आणि प्लग साफ ठेवत आणि पीयूसी वेळेवर करून घेत. आपल्या आवडीची किंमत शेजाऱ्याच्या फुप्फुसाने का द्यावी?

आता तिन्ही त्याग त्या एका पार्किंगमध्ये मला दिसू लागले.

कालचा तामस त्याग कोणता? कव्हर घातलेली गाडी. प्रत्येक सोसायटीत एक तरी असते. टायर बसलेले, कव्हरवर कबुतरांची घाण, खाली मांजरीची पिल्ले. मालकाला विचारा, "करायचीय हो, जरा वेळ मिळू दे." दहा वर्षे वेळ मिळालेला नाही. ती दुरुस्तही होत नाही आणि दिलीही जात नाही. मालक समजतो की आपण ती जपली आहे. खरे तर ती त्याने केव्हाच सोडली आहे, फक्त ते त्याला कळलेले नाही. मोहाने सोडणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कसे सांगायचे?

राजस त्याग म्हणजे गारठ्यातली ती पहाट. "कोण जाणार आत्ता खाली? विकून टाकू." यात विकणे चुकीचे नाही. पण ते भीतीने झाले तर पाठ सोडत नाही. असा माणूस पुढे दर लग्नात, दर समारंभात आपल्या विकलेल्या गाडीची गोष्ट सांगतो, आणि नव्या मालकाने ती बिघडवली, असे म्हणतो. फळ मिळत नाही ते असे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. थंडी सोसायची म्हणजे स्वतःला छळायचे, असे गीता कुठेही सांगत नाही. दुसऱ्या अध्यायात चौदाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, की ऊन-थंडी येतात आणि जातात, टिकत नाहीत, ती सोसायला शीक. पण सतराव्या अध्यायात तेच सांगतात, की हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले तप तामस. दोन्ही एकत्र वाचायला हवे. माझा भाचा दहा मिनिटांनी आत जाऊन हात शेकतो, तो त्याचा कमीपणा नाही. थंडी लागते म्हणून दार-शटर लावून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे, हा मात्र जीवघेणा मूर्खपणा. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस बसल्या जागी झोपतो तो उठत नाही. तसेच नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे. खाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय काका आत जात नाहीत. गार फरशीची तक्रार नाही, पण स्टँड हवाच. तितिक्षा आणि आततायीपणा यांत एवढाच फरक आहे म्हणा ना.

आणि पुढे ढकललेले प्रत्येक काम राजसच असते असेही नाही. कडाक्याच्या थंडीत रंग आणि पुटी नीट सुकत नाहीत, म्हणून भाचा रंगकाम उन्हाळ्यावर ठेवतो. इकडे पावसाच्या दमट हवेत रंग पांढरट पडतो, म्हणून काका ते हिवाळ्यातच उरकतात. हा विवेक झाला. मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. मनाला विचारायचे, "आत्ता हवा छान उबदार असती तर हे काम केले असते का?" उत्तर "हो" आले आणि कामाला थंडीने काही बाधा येत नसेल, तर अडवते आहे ती फक्त अंगाच्या कष्टाची भीती. उत्तर "नाही" आले, तर थंडीला पुढे करू नये. काम खरेच करायचे आहे का, याचा वेगळा आणि सरळ विचार करावा. ही कसोटी गाडीला लागते तशी पहाटेच्या जपाला, आजारी माणसाला भेटायला जाण्याला, राहून गेलेल्या पत्रालाही लागते. करून पाहा.

मग सात्त्विक त्याग कोणता? तो उद्याच्या नवव्या श्लोकात येईल, पण थोडे आजच बोलतो. काम करायचे आहे म्हणून करायचे, त्यातली आसक्ती आणि फळ सोडायचे. म्हणजे भगवंत त्याग सांगतात तो कामाचा नाहीच, कामाला चिकटलेल्या 'माझे'चा आहे.

काकांचे डोळे अलीकडे साथ देईनात. रात्री समोरच्या दिव्यांचा झोत सहन होत नाही. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी स्वतःच ठरवले, की आता आपण गाडी चालवायची नाही. मुलगा म्हणाला, "मग आत्ताच भंगारात देऊ या, नोंदणीकृत केंद्रं आहेत, प्रमाणपत्र मिळतं, सगळं कायदेशीर." त्यात काही वावगे नव्हते. काका म्हणाले, "देऊ. पण अर्धवट देणार नाही."

आणि या माणसाने, पुन्हा कधी चालवायची नाही त्या गाडीवर, डिसेंबर आणि जानेवारीच्या सगळ्या पहाटा घातल्या. कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. पॉईंटची फट फिलर गेजने पुन्हा लावली. तळपत्र्याचा सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्डिंग करून घेतला. कुर्ल्याच्या बाजारात दोन फेऱ्या मारून दाराची रबरे आणली. मला राहवेना. म्हटले, "काका, आता कशाला एवढं? तुम्ही तर देणार आहात."

ते गाडीखालूनच म्हणाले, "म्हणूनच. स्वतःसाठी करत होतो तेव्हा 'पुढच्या आठवड्यात' चालायचं. दुसऱ्याला द्यायची तर कसं चालेल?"

मी हातातला पाना तसाच धरून उभा राहिलो. इतकी वर्षे गीता वाचतो, पण फळ सोडल्यावर कामाची कसोशी वाढते, हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. आपला समज उलटा असतो. फळाची आशा नाही म्हटले की माणूस हातपाय गाळेल, असे आपल्याला वाटते. इथे फळ गेले आणि आळसाचे निमित्तही त्याच्याबरोबर गेले.

संक्रांतीनंतर गाडी गेली. काकांच्या हाताखाली सुटीच्या दिवशी येणारा एक तरुण मेकॅनिक आहे, त्याने घेतली. किंमत दोघांना परवडेल अशी ठरली, नोंदणी त्याच्या नावावर करायचे कागद काकांनी स्वतः पुरे केले. हत्यारांची पेटीही त्यालाच दिली. नंतर एकदा त्या मुलाचा फोन आला, की रंग बदलावा म्हणतोय, तुम्हाला चालेल ना? काका म्हणाले, "मला कशाला विचारतोस? गाडी तुझी आहे. ब्रेक ऑइल मात्र वेळेवर बदल."

या उत्तरावर मी बराच विचार केला. रंगावरचा हक्क त्यांनी सोडला, पण ब्रेकची काळजी सोडली नाही. 'माझे' गेले तरी जबाबदारीची जाणीव उरली. विरक्त माणूस कोरडा असतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उत्तर आठवावे.

मुंबईनेही एक त्याग केला आहे. शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत काळी-पिवळी म्हणून नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. अनेकांना हळहळ वाटली, मलाही वाटली. पण प्रवाशांची सुरक्षितता आणि शहराची हवा यांसाठी मर्यादा असणे योग्यच. जे जायचे ते जाणार. दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक इथे लागू पडतो, जाण्याच्या वेळी. त्या वेळेच्या आधी, वस्तू आपल्या हाती असताना, अठराव्या अध्यायातले हे तीन श्लोक लागू पडतात. दोन्हींची गल्लत केली की माणूस एकतर फेकाफेकी करतो किंवा कव्हर घालून बसतो.

आणि हे सगळे मी फक्त लोखंडाबद्दल लिहितो आहे, असे कुणी समजू नये. घरात जुने झालेले दुसरेही कुणी असते. सकाळी उठायला वेळ लागतो, थंडीत सांधे धरतात, एकच गोष्ट तीनदा विचारतात. त्यांच्यासाठी पहाटे उठून पाणी तापवायचे असते, पायाला तेल लावायचे असते. "शेवटी देह नाशवंत आहे" हे वाक्य त्या वेळी आपल्या तोंडी आले, तर ते गीतेतून आले की पांघरुणातून, हे तपासून पाहायला हवे. तो देह नाशवंत आहे, म्हणूनच आजचे तेल आज लावायचे. उद्यावर टाकण्याइतका वेळ त्याच्यापाशी नाही.

आजची साधना : आपल्या हाती घेतलेले आणि थंडीच्या, थकव्याच्या नावाखाली राहून गेलेले एक काम आठवा. वर सांगितलेली कसोटी त्याला लावा. करायचे असेल तर आज दहा मिनिटे करा, हात शेका, पुन्हा दहा मिनिटे करा. करायचे नसेल तर कव्हर काढा आणि ज्याला उपयोग होईल त्याला, चांगल्या स्थितीत, देऊन टाका.

उद्या नववा श्लोक घेऊ. तोवर काळजी घ्या, ज्येष्ठांनी पहाटे कानाला रुमाल बांधूनच बाहेर पडावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥